वार्निश

यंदा कूलर निघायच्या आधीच
बाबा दोनदा पडले.
बसल्या जागी ठीक. उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे काळोख.
गोळीबार चौक म्हणाला, ऊन लागलं.
कोणीतरी सदऱ्याच्या खिशात कांदा घातला.
कांदा खिशातच वाळला,
बाबा पडत राहिले.

दौलत पराते, टिमकी.
कूलर, पंप, मिक्सरच्या मोटरी दुरुस्त करून मिळेल.
बोर्डावरचं 'मिळेल' उन्हानं उडालंय.

जळालेली मोटर ते नाकाशी न्यायचे,
डोळे मिटायचे:
"तार बेस हाये वं पोरी,
वरचं वार्निश गेलं."
तांब्याला काही होत नाही, हे त्यांचं शास्त्र.
उघडं पडलं की तांबं लाजतं
आणि शेजारच्या तारेला चिकटतं, एवढंच.

मी मेडिकलमध्ये काप काढते.
मेणात बसवलेला कुणाचा तरी मेंदू,
कोमट पाण्यावर तरंगणारी त्याची पापुद्रा,
श्वास रोखून काचेवर उचललेली.
मग निळा रंग, रात्रभर.
सकाळी जिथं वेष्टन शाबूत तिथं निळं,
जिथं गेलं तिथं काहीच नाही.
अठरा वर्षं हा निळा पाहिला
आणि मीही तारांचाच विचार केला.
गुंडाळणारीकडे कोण बघतं?

ऑलिगोडेंड्रोसाइट. नाव अंगापेक्षा मोठं.
हात थोडे, म्हणून तसं नाव,
पण एकेक हात ती दूरच्या तारेपर्यंत नेते
आणि तिच्याभोवती गुंडाळत राहते
स्वतःलाच.
वेगळं वार्निश नसतं तिच्याकडे.

धनतोलीचे डॉक्टर म्हणाले,
पार्किन्सनसारखंच, पण ते नव्हे.
म्हणूनच गोळ्या लागू पडल्या नाहीत.
एक प्रथिन, घडी चुकलेलं,
या गुंडाळणारीच्याच पोटात साचत जातं.
तिथं ते कसं पोचतं, अजून नक्की ठाऊक नाही.
बाहेर रिक्षात बसताना
बाबांनी विचारलं, "रिवाइंड नाई होत?"
मी म्हटलं, चालू मोटर खोलता येत नाही बाबा.

तरी रात्री त्यांना सगळं सांगितलं.
की ती नुसती झाकत नाही,
आतून तारेला भरवते.
ती आजारली की तार उपाशी पडते.
बराच वेळ ते वरच्या पंख्याकडे पाहत होते.
"म्हंजे वार्निश
जेवू घालते तारेले?"
पन्नास वर्षांचं शास्त्र मोडलं त्यांचं,
आणि ते हसले, बारीक आवाजात,
कारण मोठा आवाज आता येत नाही.

आई सकाळी खाटेजवळ बसते.
घोट्यापासून मांडीपर्यंत
क्रेप बँडेज, घट्ट, पदर पदरावर चढवत.
रक्त पायात उतरू नये म्हणून.
"आधी गुंडाळते, मंग उभा करते," म्हणते.
मग पातळ भात, चमच्यानं,
गिळेपर्यंत हनुवटीवर बोट.
दुपारी ती स्वयंपाकघरात
भिंतीला टेकून बसलेली दिसते.
काय झालं विचारलं तर
काई नाई.

मेमध्ये मौंदेकरांची मोटर आली.
शेचाळीस डिग्री, घरात लहान लेकरू.
बाबांची बोटं तार धरेनात.
म्हणून मी फिरवते हँडल, ते मोजतात:
तांब्याचा एक वेढा, एक आकडा,
शब्द तोंडात घसरत, तरी चूक नाही.
एकशे अडुसष्टवर
आवाज तुटला.

मी हात थांबवला.
ओठ हलत होते, आकडा येत नव्हता.
स्टूलखाली तारेचं रीळ हलत होतं.

आतून, भांड्यांच्या आवाजातून,
आई म्हणाली,
"एकशे एकोणसत्तर."